बढती डावलली; दाद कुठे मागायची? (लेखांक ६)

ज्येष्ठता सूचीवर हरकत कशी घ्यायची, ते मागच्या लेखांकात पाहिले. समजा, हरकत फेटाळली गेली आणि सूचीत तुमच्या खाली असलेल्या सहकाऱ्याच्या नावाने बढतीचा आदेश निघाला. आता कोर्टात जायचे हे ठरले, पण कोणत्या? अन्याय किती मोठा, यावर ते ठरत नाही. तुम्ही नेमके कोणाचे नोकर, यावर ठरते.

कोणतेही जिल्ह्याचे ठिकाण घ्या. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या अव्वल कारकुनाला नायब तहसीलदारपद नाकारले, तर तो महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे ‘मॅट’मध्ये जातो. खुद्द जिल्हाधिकारी भारतीय प्रशासन सेवेतले. त्यांचा वाद केंद्रीय न्यायाधिकरणाकडे, ‘कॅट’मध्ये. जिल्हा परिषदेतला वरिष्ठ सहायक लोकांच्या दृष्टीने सरकारी नोकरच, पण मॅट त्याच्यासाठी नाही. खात्यांतर्गत दाद संपली की त्याला उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. जिल्हा न्यायालयातला लिपिकही तिथेच जातो, कारण न्यायाधिकरणांच्या १९८५च्या कायद्याने न्यायालयीन कर्मचाऱ्यांना वगळले आहे. एसटी आगारातल्या कामगाराला औद्योगिक न्यायालयाची वाट आहे; गुणवत्ता न पाहता काहींना झुकते माप देणे ही १९७१च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरते. खासगी शाळेतल्या शिक्षकाला डावलून दुसऱ्याला मुख्याध्यापक केले, तर १९७७च्या कायद्याच्या कलम ९खाली शाळा न्यायाधिकरणात अपील करता येते. त्याची मुदत अवघी ३० दिवस.

एवढी दारे कशाला? १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने कलम ३२३-अ आले, तेव्हा उच्च न्यायालयांवरचा सेवाविषयक खटल्यांचा भार कमी करणे हा एक हेतू होता. १९८५च्या कायद्याने तर या वादांत उच्च न्यायालयाचा दरवाजाच बंद केला. महाराष्ट्रात मॅट १९९१ साली सुरू झाले: मुख्य पीठ मुंबईला, शिवाय नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. पुढे १९९७ मध्ये एल. चंद्रकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सांगितले की उच्च न्यायालयाचा पुनर्विलोकनाचा अधिकार घटनेच्या मूळ चौकटीतला आहे, तो काढून घेता येणार नाही. मात्र आधी न्यायाधिकरण, मग उच्च न्यायालयाचे खंडपीठ, असा क्रम त्यांनी घालून दिला. वाट आखूड करायला निघालेल्या व्यवस्थेत अशी एक पायरी वाढली. तरी तो निकाल मला योग्यच वाटतो. ज्या सरकारविरुद्ध तक्रार, त्याच्याच कायद्याने बसवलेल्या न्यायाधिकरणाचा शब्द अखेरचा असू नये.

बढतीतल्या आरक्षणाचा वाद याच वाटेने गेला. २५ मे २००४ चा शासन निर्णय मॅटने नोव्हेंबर २०१४ मध्ये रद्द ठरवला, ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो टिकू दिला नाही, आणि प्रकरण दिल्लीला गेले.

दार चुकले तर निदान तिथून परत पाठवले जाते. मुदत चुकली की मात्र प्रकरण बहुधा बुडतेच, आणि मुदत बुडते ती निवेदनांच्या पायी. कायदा सांगतो की आधी खात्याकडे दाद मागा. सहा महिन्यांत निर्णय आला नाही, तर पुढच्या एका वर्षात न्यायाधिकरणात या; निर्णय आला असेल, तर त्या तारखेपासून एक वर्ष. कार्यालयात मात्र वेगळेच ऐकू येते: ‘साहेब सकारात्मक आहेत’, ‘फाईल मंत्रालयात गेलीय’, ‘अजून एक स्मरणपत्र द्या’. मग स्मरणपत्रावर स्मरणपत्र जाते आणि आपण पाठपुरावा करतो आहोत या समाधानात वर्षे निघून जातात. एस. एस. राठोड खटल्यात १९८९ मध्येच सात न्यायमूर्तींनी स्पष्ट केले आहे की कायद्यात तरतूद नसलेली निवेदने पुन्हापुन्हा दिल्याने मुदत वाढत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण लागते; ‘साहेबांनी थांबायला सांगितले’ हे सहसा पुरत नाही. म्हणून पहिल्याच निवेदनाच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. उत्तर आलेच नाही, तर सहा महिने मोजायचे ते त्या तारखेपासून.

आणखी एक अवघड गोष्ट. ज्याची बढती तुम्हाला रद्द करून हवी आहे, त्याला प्रतिवादी करावेच लागते. रोज शेजारच्या टेबलावर डबा खाणाऱ्याला नोटीस धाडायची, म्हणून बरेच जण फक्त शासनाला प्रतिवादी करतात. मग ज्याच्यावर परिणाम होणार त्याचे ऐकलेच नाही, या मुद्द्यावर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

एवढे करून जिंकलात, तरी न्यायाधिकरण सहसा हातात बढतीचा आदेश देत नाही. कर्मचाऱ्याला हक्क आहे तो बढतीसाठी विचार होण्याचा. त्यामुळे निकाल बहुतेक असा येतो: विभागीय पदोन्नती समितीने अमुक मुदतीत प्रकरण पुन्हा पाहावे आणि पात्र ठरल्यास कनिष्ठाला बढती मिळाली त्या दिवसापासून मानीव दिनांक द्यावा. मानीव दिनांकाने ज्येष्ठता आणि वेतननिश्चिती सुधारते, मागची थकबाकी मिळेलच असे नाही. ‘काम नाही तर वेतन नाही’ हे तत्त्व तिथे आडवे येते. विभागीय चौकशी चालू असेल, तर समितीचा निष्कर्ष मोहोरबंद पाकिटात जातो. ते पाकीट कधी लावता येते आणि कधी नाही, ते पुढच्या आठवड्यात.