मोटारीची मागील कांच बदलण्यापूर्वीं

बैलगाडीचें चाक कुरकुरूं लागलें तर आरा सैल झाला कीं धाव ढिली पडली, हें आमच्या शेतकरी बंधूंस पाहतांच कळतें. आणि सुतारानें बाभळीऐवजीं भलतेंच लाकूड घातलें तर तेंही त्यांच्या नजरेंतून सुटत नाहीं. मोटारीच्या बाबतींत मात्र हेच चोखंदळ गृहस्थ सर्व कांहीं मिस्त्रीवर सोंपवून मोकळे होतात. आतां खेडोपाडीं मोटारी झाल्या आहेत. बियाण्यांच्या पिशव्या, भाजीचे क्रेट, ठिबकाच्या नळ्या आणि दवाखान्यांत न्यावयाचा आजारी माणूस हीं सर्व एकाच गाडींतून जातात. अशा गाडीची मागील कांच फुटण्यास फारसें निमित्त लागत नाहीं. बांधावरचें गवत ब्रश कटरनें कापतांना उडालेला खडा, गारपीट, किंवा डिकींत तिरपी ठेवलेली पहार न पाहतां वरून आपटलेलें दार, यांपैकीं एकही पुरे होतें.

कांच फुटली म्हणजे मालक घाईनें जवळच्या गॅरेजांत जातो व 'कांच बसवून द्या' एवढेंच सांगतो. त्यायोगें कित्येकदां पैसा दोनदां जातो, पहिल्याच पावसांत डिकींत पाणी सांचतें, आणि प्रसंगीं जिवासही अपाय होण्याचा संभव असतो. ही कांच एकदां तयार झाली म्हणजे ती कापतां येत नाहीं, तिला भोंक पाडतां येत नाहीं व सांधतांही येत नाहीं. म्हणून जें कांहीं विचारावयाचें तें कांच मागविण्यापूर्वींच विचारलें पाहिजे. काय विचारावें व कां विचारावें, तें प्रस्तुत लेखांत क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कांचेची जात

मोटारीची पुढची कांच व मागची कांच या दिसण्यांत सारख्या असल्या तरी जातीनें भिन्न आहेत. पुढची कांच दोन पातळ कांचांची असून त्यांच्यामध्यें पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. हिला लॅमिनेटेड म्हणतात. खडा लागला तर हिला तारा पडतो, पण कांच जागेवर राहते, आणि तडा लहान असेल तर त्यांत राळेसारखें द्रव्य भरून ती वांचवितां येते.

मागची कांच बहुतेक गाड्यांत एकेरी व टफन केलेली असते. ती ६०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापवून लागलीच दोन्ही बाजूंनीं थंड हवेच्या झोतांनीं निवविली जाते. बाहेरचा थर आधीं घट्ट होतो. आंतला भाग मागाहून निवतो व आकसतांना बाहेरच्या थरास आवळून धरतो. तापविलेली लोखंडी धाव निवतांना चाकाच्या लाकडास आवळते, तशांतलाच हा प्रकार समजावा. या आवळण्यामुळें साधा मार कांच सहज सोसते. परंतु तडा एकदां बाहेरचा थर भेदून आंत गेला कीं कोंडलेला सर्व ताण मोकळा होतो, आणि निमिषांत सबंध कांचेचे मक्याच्या दाण्यांएवढे बोथट तुकडे होतात. लांब धारदार पातीं होऊन माणसाची मान किंवा हात कापला जाऊं नये, हाच या रीतीचा हेतु आहे.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली ही कीं, मागील कांचेची दुरुस्ती नाहीं. ती सबंधच बदलावी लागते. दुसरी ही कीं, दारें-खिडक्यांच्या कांचा विकणाऱ्याकडून मापाचा साधा तुकडा कापून बसविणें हा सौदा स्वस्त असला तरी घातक आहे. ती कांच टफन केलेली नसते, आणि अपघातांत तिचीं पातींच होतात. टफन कांचेचा सर्वांत दुबळा भाग म्हणजे तिची कड. कडेचा टवका उडालेली कांच आज धड दिसली तरी पुढें केव्हां फुटेल याचा नेम नसतो.

फुटल्याबरोबर काय करावें

प्रथम कांहींएक न हालवितां, गाडीचा नंबर दिसेल अशा बेतानें मोबाईलवर चार-सहा छायाचित्रें काढावीं. विम्याच्या कामीं तीं लागतात. मग हातमोजे घालून मोठे तुकडे उचलावे व उरलेले व्हॅक्यूम यंत्रानें ओढून घ्यावे. सीटच्या फटी, पट्ट्यांचीं कुलुपें व जादा चाकाची खळगी यांत तुकडे हमखास दडून राहतात. पाण्यानें धुऊं नये. धुतल्यानें ते अधिकच खोल जातात. गोळा झालेले तुकडे पोत्यांत भरून वेगळे ठेवावे. उकिरड्यावर मात्र मुळींच टाकूं नयेत. तेथून ते खतावाटे शेतांत जातात व नंतर अनवाणी माणसाच्या पायांत किंवा गुरांच्या वैरणींत सांपडतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मागील बाजू उघडी असतां गाडी पळविली म्हणजे गाडीच्या पाठीमागें हवेचा दाब कमी होतो, आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर आंत ओढला जातो. त्या धुरांत कार्बन मोनॉक्साईड असतो. त्यास रंग नाहीं व वासही नाहीं, आणि बंद जागेंत तो प्राणघातक आहे. म्हणून उघडी बाजू जाड प्लॅस्टिकनें घट्ट झांकावी, पुढच्या खिडक्या खालीं घ्याव्या, पंखा बाहेरची हवा आंत घेईल असा लावावा, आणि गॅरेजापुरतेंच अंतर हळू चालवावें. मागच्या सीटवर मुलांस बसवूं नये.

विम्याचा हिशेब

केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या कांचेचा पैसा मिळत नाहीं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असेल तर मिळतो, आणि येथें कांचेस एक सवलत आहे. रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर घसाऱ्यापोटीं निम्मी रक्कम कापली जाते. कांचेवर घसारा लागत नाहीं. मात्र सक्तीची वजावट म्हणून १५०० सी.सी.पर्यंतच्या खाजगी गाडीस १,००० रुपये व त्यावरील गाडीस २,००० रुपये मालकानें सोसावयाचे असतात. विमा कंपनीस काम सुरू करण्यापूर्वींच कळवावें. कांच बसल्यावर कळविलें तर सर्व्हेअरनें पाहावें काय?

पण पैसा मिळतो म्हणून तो घ्यावाच असें नाहीं. दावा न करणाऱ्यास हप्त्यांत जी सूट मिळते, म्हणजे नो क्लेम बोनस, ती २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के अशा पायऱ्यांनीं वर्षागणिक चढत जाते, आणि एका दाव्यानें शून्यावर येते. एक उदाहरण मांडून पाहूं. स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा मूळ हप्ता ८,००० रुपये व सध्यांची सूट ३५ टक्के धरूं. कांच बसविण्यास ५,००० रुपये पडतात असें समजूं. वजावट जातां कंपनीकडून फार तर ४,००० हातीं येतील.

आतां दुसरी बाजू पाहावी. दावा न केल्यास पुढील वर्षीं सूट ४५ टक्के, व केल्यास शून्य. फरक ३,६०० रुपये. दुसऱ्या वर्षीं ५० विरुद्ध २०, फरक २,४००. तिसऱ्या वर्षीं ५० विरुद्ध २५, फरक २,०००. चौथ्या वर्षीं ५० विरुद्ध ३५, फरक १,२००. पांचव्या वर्षीं ५० विरुद्ध ४५, फरक ४००. एकूण ९,६०० रुपये झाले. गाडी जुनी होत जाते तसा मूळ हप्ता उतरतो, म्हणून हा आंकडा प्रत्यक्षांत कांहीं कमी भरेल. तरी ४,००० घेऊन त्याहून अधिक गमावण्याचाच हा व्यवहार ठरतो.

याच्या उलट, गारपिटीनें कांचेबरोबर टप व बॉनेटही ठेंचलें असेल आणि खर्च तीस-चाळीस हजारांवर जात असेल, तर दावा करणेंच शहाणपणाचें. पॉलिसींत बोनस राखण्याचें जादा कलम घेतलेलें असल्यास हिशेब पुन्हां बदलतो. म्हणून पॉलिसीचा कागद आधीं वाचावा, कांचेच्या दाव्यानें सूट जाते कीं राहते हें कंपनीकडून लेखी घ्यावें, आणि मग ठरवावें.

कोणती कांच मागवावी

जमिनीस जसा गट नंबर, तसा गाडीस १७ अक्षर-अंकांचा चेसिस नंबर असतो. तो नोंदणीच्या कागदावर सांपडतो. गाडीचें नुसतें नांव सांगून कांच मागवूं नये, चेसिस नंबर द्यावा. कारण एकाच नांवाच्या गाडींत साल व प्रकार यांप्रमाणें कांचा निरनिराळ्या असतात. आपल्या जुन्या कांचेवर काय काय होतें तें टिपून द्यावें: धुकें घालविणाऱ्या डिफॉगरच्या आडव्या रेषा, वायपरचें भोंक, रेडिओची छापील एरियल, कांचेचा रंग. यांतील एकही गोष्ट मागाहून गॅरेजांत करून घेण्याजोगी नाहीं. भोंक पाडावयास गेल्यास कांचेचा चुरा होतो, आणि डिफॉगरच्या रेषा तर चांदीयुक्त लेप छापून कारखान्यांतच कांचेवर भाजलेल्या असतात.

मोटार-कंपन्या सहसा स्वतः कांच करीत नाहींत. कांचेच्या कारखान्यांकडून घेतात. असाही इंडिया व सेंट-गोबें सेक्युरिट हे आपल्या देशांतील अशा कारखानदारांपैकीं प्रमुख होत. मोटार-कंपनीच्या पेटींतली कांच व त्याच कारखानदाराची बाजारांतली कांच, असे दोन्ही भाव विचारावे. कोणतीही घेतली तरी कोपऱ्यांत भाजलेला शिक्का पाहावा. त्यांत कारखान्याचें नांव, आय.एस.आय. चिन्ह व आय.एस. २५५३ हा मानकाचा क्रमांक असावा. शिक्का नसलेली कांच कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. तसेंच १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० प्रमाणें मागील कांचेंतून निदान ७० टक्के उजेड पार गेला पाहिजे. तेव्हां गडद कांच हौसेनें घालणें म्हणजे दंड ओढवून घेणें होय.

बसविण्याची रीत

अँबॅसडरसारख्या जुन्या गाड्यांत कांच रबराच्या पट्टींत बसविलेली असते. तेथें रबर वाळून चिरलें असल्यास कांचेबरोबर तेंही नवें घ्यावें. जुन्या रबरांतून पाणी येतेंच. अलीकडील गाड्यांत कांच पॉलियुरेथेन नांवाच्या चिकटद्रव्यानें चौकटीस चिकटवितात. गॅरेजांत यास 'पीयू' म्हणतात. या रीतींत मिस्त्रीस पुढील प्रश्न अवश्य विचारावे.

जुन्या पीयूचा थर कापून एक-दोन मिलिमीटर जाडीचा ठेवणार काय? त्या ताज्या कापलेल्या थरावर नवा थर उत्तम धरतो. खरवडून पत्रा उघडा केल्यास रंग जाऊन गंज चढतो. गंज दिसल्यास तो घांसून प्रायमर लावणार काय? गंजावर चिकटविलेली कांच गंजाबरोबर सुटते. पीयूच्या नळीवरील मुदत टळलेली नाहीं ना? पीयूऐवजीं साधें सिलिकॉन लावणार नाहीं ना? बाथरूमच्या कामाचें सिलिकॉन कांच धरण्याइतकें बळकट नसतें, आणि आंबूस वासाच्या जातीनें पत्रा गंजतो.

पीयू हवेंतील ओलावा घेऊन घट्ट होतें, आणि त्यास लागणारा वेळ नळीवर छापलेला असतो. कोणतें एका तासांत गाडी चालविण्यापुरतें धरतें, तर कोणास कित्येक तास लागतात. तो वेळ आपण स्वतः वाचावा. काम छपराखालीं व धूळ नसेल तेथें करून घ्यावें. मिस्त्री घरीं येऊन बसवून देत असेल तरी मळणी चालू असलेल्या खळ्याजवळ गाडी उभी करूं नये. कडेवर धूळ बसली म्हणजे पीयू धरत नाहीं.

गाडी ताब्यांत घेतांना

पैसे देण्यापूर्वीं डिफॉगर, वायपर व ब्रेकचा वरचा दिवा लावून पाहावा. कांचेवर आंतून वाफारा धरून डिफॉगर चालू केला तर प्रत्येक रेषेजवळचें धुकें विरावयास पाहिजे. जेथें तें तसेंच राहील तेथें रेषा तुटली आहे असें समजावें. पावतीवर कांचेच्या कारखान्याचें नांव व पाणी न गळण्याची हमी लिहून घ्यावी.

पहिला दिवसभर एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी व दारें आपटूं नयेत. बंद गाडींत दार आपटलें म्हणजे आंतली हवा ओल्या पीयूवरील कांचेस बाहेर ढकलते. दोन दिवस जोराच्या फवाऱ्यानें गाडी धुऊं नये. त्यानंतर नळीनें साधें पाणी सोडून डिकी कोरडी राहते कीं नाहीं तें पाहावें, म्हणजे पावसाळ्याची वाट पाहावी लागत नाहीं. आंतील रेषा पुसतांना मऊ फडकें रेषांच्या दिशेनेंच फिरवावें, आणि क्रेट किंवा नळ्या कांचेस टेंकतील अशा कधींही रचूं नयेत.

मिस्त्रीचा हुन्नर मिस्त्रीपाशीं असतो, आणि तो शिकण्याची शेतकऱ्यास गरज नाहीं. परंतु चेसिस नंबर, शिक्का, मुदत आणि विम्याचा हिशेब हीं चार कलमें ज्यानें आधीं पाहिलीं, त्यास मागील कांच दुसऱ्यांदां बदलण्याची पाळी सहसा यावयाची नाहीं.