बिनशेपटीचे बॉम्बर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेचे ‘बी-२’ पाहिले की आधी नजर शेपूट शोधते. शेपूट नाही, धड नाही. नुसता एक अजस्र पंख. हा आकार रडारला चकवण्यासाठी जर्मनांनी शोधला आणि युद्धानंतर अमेरिकेने उचलला, असे सर्रास सांगितले जाते.

तारखा वेगळेच सांगतात. कॅलिफोर्नियात जॅक नॉर्थ्रॉप यांचे ‘एन-१एम’ हे बिनशेपटीचे प्रायोगिक विमान १९४० मध्येच उडाले होते. जर्मनीत होर्टन बंधू स्वतंत्रपणे याच मागे लागले होते. त्यांचे जेट विमान फेब्रुवारी १९४५ मध्ये उडाले आणि त्याच महिन्यात कोसळले. वैमानिक एर्विन झिलर त्यात गेला. नॉर्थ्रॉप आणि होर्टन, दोघांनाही मुख्य काळजी होती ती हवेच्या रोधाची. धड आणि शेपूट विमानाला उचलून धरायला फारशी मदत करत नाहीत, पण त्यांचे वजन आणि रोध इंजिनाला सोसावा लागतो. ती काढली, तर तेवढ्याच इंधनात लांबचा पल्ला. लाकडी आवरणाच्या डिंकात कोळशाची पूड मिसळून रडारला चकवायचे होते, हे रायमार होर्टन यांनी सांगितले ते युद्धानंतर कित्येक वर्षांनी.

दुसरी समजूत अशी, की नॉर्थ्रॉप यांचे बॉम्बर निर्दोष होते आणि राजकारणाने त्याचा बळी घेतला. दुसऱ्या कंपनीत विलीन व्हायला नकार दिला म्हणून कंत्राट गेले, असे खुद्द नॉर्थ्रॉप यांनी १९७९ मध्ये म्हटले. तत्कालीन हवाईदल सचिव सिमिंग्टन यांनी ते नाकारले. नॉर्थ्रॉप यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, तरीही विमानातच पुरेसे दोष होते, असे माझे मत आहे. नॉर्थ्रॉप यांच्या ‘एक्सबी-३५’ या बॉम्बरच्या उलटसुलट फिरणाऱ्या जोडपंख्यांचे गिअरबॉक्स सतत बिघडत. म्हणून आठ जेट इंजिने बसवून ‘वायबी-४९’ केले आणि ते २१ ऑक्टोबर १९४७ रोजी उडाले. पण त्या काळची जेट इंजिने इंधन अफाट पीत. पल्ला जवळपास निम्म्यावर आला, म्हणजे ज्यासाठी हा आकार निवडला तेच हातचे गेले. मागच्या पंख्यांमुळे मिळणारे स्थैर्यही गेले. चार उभे पडदे लावूनसुद्धा नाक डावी-उजवीकडे डोलत राही. नेम धरायच्या नेमक्या क्षणी असे डोलणारे विमान बॉम्बफेकीला काय कामाचे? शिवाय पंखातल्या लहान कप्प्यांत तेव्हाचा जाडजूड अणुबॉम्ब मावत नव्हता. ५ जून १९४८ रोजी एक ‘वायबी-४९’ हवेतच मोडले आणि पाचही जण दगावले. त्यांतल्या कॅप्टन ग्लेन एडवर्ड्स यांचे नाव पुढे म्युरॉक हवाईतळाला दिले गेले.

‘बी-२’ ही त्याच विमानाची सुधारित नक्कल, हेही अर्धसत्यच. पंखांची लांबी दोघांची सारखीच, १७२ फूट. मात्र या वेळी आकार निवडताना रडार खरोखरच डोळ्यांसमोर होते, आणि डोलणे आवरायला संगणक आले होते. १९८९ मध्ये ‘बी-२’ उडाले, तेव्हा नॉर्थ्रॉप हयात नव्हते.

मग संगणकाने प्रश्न कायमचा सोडवला का? २००८ मध्ये ग्वाम बेटावर हवेचा दाब मोजणाऱ्या संवेदकांत ओल शिरली आणि संगणकाला चुकीचे आकडे मिळाले. ‘बी-२’ने उड्डाण करताच नाक एकदम वर उचलले आणि ते धावपट्टीलगत कोसळले. दोन्ही वैमानिक आसनासकट बाहेर फेकले गेल्याने वाचले.