अर्ज ज्याचा त्याने भरावा

बारावीचा निकाल लागला की पवनारात पिशव्या बाहेर निघतात. कापडाच्या, साडीच्या दुकानाच्या, बियाण्याच्या कंपनीच्या. लोखंडी पेटीच्या तळाशी पडलेले कागद त्यांत कोंबून आई किंवा बाप येतो, मागे पोरगा नाहीतर पोरगी. "सर, हिच्या स्कॉलरशिपचं करून द्या" हे पहिलं वाक्य. मी ती पिशवी स्वतः उघडत नाही. ज्याचं शिक्षण आहे त्याने ती उघडावी आणि एकेक कागद वाचत सतरंजीवर मांडावा, असा माझा आग्रह असतो. वेळ लागतो, आईबाप चुळबुळतात. तरी तसंच करतो.

धाम नदीच्या काठचं हे गाव विनोबांच्या परमधाम आश्रमामुळे देशाला ठाऊक आहे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र पवनारची ओळख नागपूर–वर्धा रस्त्यावरचं गाव अशी आहे. वर्ध्याची कॉलेजं रोज जाऊन-येऊन करण्याजोगी जवळ आहेत. नागपूरला जायचं तर खोली करावी लागते, मेस लावावी लागते. घरून जाणार की बाहेर राहणार, या एका प्रश्नावर पुढच्या रकमा बदलतात. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत व्यावसायिक पदवीच्या विद्यार्थ्याला फीशिवाय जो वार्षिक भत्ता आहे, तो घरून जाणाऱ्याला 7,000 रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्याला 13,500 रुपये. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून नागपुरात शिकणाऱ्याला जेवण, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला 60,000 रुपयांची तरतूद आहे. त्याचा अर्ज वेगळा, समाजकल्याण खात्याकडचा. आदिवासी मुलांसाठी स्वयम योजना आहे, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. पंजाबरावांचं नाव घेतलं की अमरावतीकडचं नातं सांगणारा एखादा म्हातारा खूश होतो. पण त्यांच्या नावाने चालणारी ही योजना आपल्या नातवाला लागू पडते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

कागद मांडून झाले की नावं वाचायला लावतो. खरं काम इथे सुरू होतं. बापाचं नाव सातबाऱ्यावर नामदेव, आधारकार्डावर नामदेवराव, रेशनकार्डावर नामा. मुलीचं आडनाव दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत डब्ल्यूने सुरू होतं आणि बँकेच्या पासबुकावर व्हीने. बाप म्हणतो, "माहं नाव तर एकच हाय, साऱ्या गावाले माहीत हाय." त्याचं म्हणणं खरंच आहे. पण महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या संगणकाला गाव माहीत नाही. त्याला अक्षरं जुळलेली लागतात. दहावीची गुणपत्रिका पाया धरायची, आधार तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यायचं आणि मग बँकेकडे जायचं, हा क्रम मी मुलांना वहीत लिहून घ्यायला सांगतो. उलट्या क्रमाने गेलं की प्रत्येक खिडकी मागच्या खिडकीकडे पाठवते.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा लागतो. त्यामागे तलाठ्याचा अहवाल असतो. जूनमध्ये हे करायला गेलं की बाप पेरणीत, तलाठी कामात आणि सेतू केंद्रावर ही गर्दी. एप्रिल-मेमध्ये, निकालाच्या आधीच दाखला काढावा, असं मी घरोघर सांगत फिरतो. ऐकणारे थोडे. निकालाआधी कॉलेजच्या कागदांना हात लावणं अनेक घरांत अशुभ मानतात, आणि त्या भीतीला मी नावं ठेवत नाही. पोरगी पास होईल की नाही या धाकात ज्यांनी वर्ष काढलं, त्यांना हे सांगताना आवाज खाली ठेवावा लागतो.

सगळ्यांत जड कागद जात वैधतेचा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला तो लागतोच, आणि त्यासाठी मागे जावं लागतं ते आजोबा-पणजोबांपर्यंत. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967, या तारखांच्या आधीचा जातीचा किंवा वास्तव्याचा पुरावा हवा. पणजोबा शाळेत गेलेलेच नसतात. मग कोतवाल बुकाची नक्कल, जुन्या शाळेचं दाखलखारीज रजिस्टर, जमिनीचा जुना उतारा, यांचा शोध. एका मुलीने असा शोध घेताना आपल्या पणजोबाच्या भावाची जन्मनोंद पहिल्यांदा पाहिली. घरात त्या माणसाचं नाव कुणाला आठवत नव्हतं. आजीला विचारून तिने वंशावळ कागदावर काढली, चार पिढ्यांची. ती प्रतिज्ञापत्राला जोडायची म्हणून काढली होती, पण तिची एक प्रत त्या मुलीने घरी भिंतीवर लावली. अर्जाचं काम नुसतं कारकुनी आहे असं म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो.

आता 'करून द्या' या मागणीकडे येतो. गर्दीच्या दिवसांत केंद्रावरचा माणूस पटापट अर्ज भरतो. त्याच्याकडे वेळ नसतो आणि बहुतेकदा वाईट हेतूही नसतो. मुलाकडे त्या क्षणी मोबाईल नसतो, म्हणून तो ओटीपीसाठी हाताशी असलेला नंबर घालतो. पासवर्ड त्याच्याच डायरीत राहतो. डिसेंबरात कॉलेजने त्रुटी काढून अर्ज 'सेंड बॅक' केला, तर तो संदेश भलत्याच फोनवर जातो. मुलगा वाट पाहत राहतो, मुदत संपते आणि घरात निष्कर्ष निघतो की सरकारने पैसे दिले नाहीत. असं होताना मी पाहिलंय आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो, कारण पात्रता होती, कागद होते, रक्कमही मंजूर झाली असती.

म्हणून माझ्यासमोर बसलेली मुलगी स्वतः टाईप करते. हळू करते. युजरनेम-पासवर्ड तिच्या वहीत, नंबर तिचा किंवा आईचा. 256 केबीच्या आत फाईल कशी बसवायची, हे ती शिकते. कॅपचं, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचं, अलॉटमेंट लेटर आणि फीची पावती यांत फरक काय, हेही तिला कळतं. 'मुलींचं शिक्षण फुकट झालं' हे गावभर ऐकलेलं वाक्य ती शासन निर्णयाशी ताडून पाहते. जुलै 2024 चा तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरता आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा, ठरलेल्या प्रवर्गांतल्या कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं, आणि माफी शिक्षण व परीक्षा शुल्काची आहे, मेस-खोलीची नाही. व्यवस्थापन कोट्यातली जागा घेऊन मग माफी मागणाऱ्या घरांची फार ओढाताण होते. प्रवेशाआधी एक तास बसून हे समजलं असतं तर निर्णयच वेगळा झाला असता.

या मदतीकडे लाजेने पाहणारे बाप भेटतात. "कोणाचं उपकाराचं नको," म्हणतात. त्यांना मी सांगतो की 1913 मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड, 3 वर्षांसाठी, आणि त्यासाठी परतल्यावर नोकरी करण्याचा करार करावा लागला होता. एका राजाच्या मर्जीवर अवलंबून असलेली ती गोष्ट. 1944 मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली तेव्हा तेच आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. आज आपण भरतो तो अर्ज त्याच योजनेचा, आणि त्यात कुणाची मर्जी सांभाळायची नाही. हे ऐकून बाप लगेच बदलत नाही, पण मुलगी ताठ बसते.

पैसे यायला लागले की नवा पेच. 2021 पासून अनुसूचित जातीच्या या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40 टक्के, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो. त्यातली फीची रक्कम 7 दिवसांत कॉलेजला भरायची असते. पेरणीच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की घरातल्या प्रत्येक गरजेला ती आपली वाटते. सोयाबीनचं बियाणं उधारीवर घ्यायचं की पोरीच्या खात्यातून, हा प्रश्न बाहेरच्याने नैतिक करू नये. पण पैसे येण्याआधीच, शांतपणे, सगळ्या घराला बसवून कोणता भाग कॉलेजचा आणि कोणता मुलीचा, हे कागदावर मांडलं तर ती रक्कम बहुधा वाचते. आईला बोलवायचंच. हिशेब तीच धरून ठेवते.

"मग पैसे कवा येतीन?" याचं तारखेसह उत्तर माझ्याकडे नसतं आणि मी खोटं देत नाही. उशीर होतो, कधी वर्ष उलटतं. तोवर कॉलेजने फीसाठी अडवलं तर लेखी अर्ज कसा द्यायचा आणि त्याची पोच कशी घ्यायची, हे मात्र शिकवतो. आधार कोणत्या खात्याला जोडलंय हे दर वर्षी तपासायला लावतो, कारण रक्कम शेवटच्या जोडलेल्या खात्यावर जाते, पासबुक दाखवाल त्या खात्यावर नाही. लहानपणी शाळेत उघडलेलं, व्यवहाराविना बंद पडलेलं खातं जोडलेलं निघतं, हे नेहमीचंच.

वंशावळ भिंतीवर लावणारी ती मुलगी आता नागपुरात दुसऱ्या वर्षाला आहे. रिन्युअलचा अर्ज तिने खोलीवर बसून स्वतः भरला, मला फक्त कळवलं. सुटीत गावी आली तेव्हा शेजारच्या दोन बारावीच्या पोरींना घेऊन बसली होती. एकीचं आधार तिच्या चौथीतल्या खात्याला जोडलेलं निघालं. सोमवारी बँक उघडली की तिघींनी मिळून जायचं ठरवलंय.