मागच्या बाकापर्यंत

भालकी तालुक्यातल्या एका चर्चमध्ये शनिवारी दुपारी आम्ही कॉर्डलेस माईक तपासला, तेव्हा तो उत्तम चालला. वेदीपासून दारापर्यंत फिरलो, कुठेही खरखर नाही. रविवारी पहिल्या गीताला मंडळी उभी राहिली आणि पास्टरांचा आवाज तुटू लागला. मागच्या बाकावरची एक आजी शेजारणीला म्हणाली, "पास्टरसाहेब काय बोलायलेत, काहीच कळना झालंय."

नवा माईक घ्यायचा, असं तोवर सगळ्यांचं ठरत आलं होतं. मला ते पटेना. छोट्या मंडळीच्या दानपेटीतला पैसा दहादा विचार करूनच खर्चावा.

रिसीव्हर मागच्या टेबलावर, लोखंडी कपाटाला टेकून ठेवलेला होता. माईकमधून निघणारी लहर उभ्या माणसांमधून वाट काढत तिथवर यायची. माणसाच्या शरीरात बहुतेक पाणीच, आणि पाणी माईकच्या यूएचएफ लहरी शोषून घेतं. शनिवारी ही माणसांची भिंत नव्हती. त्यात वर पत्रे. पत्र्यावरून परतलेली लहर थेट आलेल्या लहरीवर उलटी पडली, की त्या जागी दोन्ही मावळतात. म्हणूनच पास्टर एक पाऊल सरकले की आवाज जायचा, परत सरकले की यायचा.

आम्ही रिसीव्हर उचलून वेदीच्या बाजूच्या भिंतीवर, डोक्याच्या वर, लाकडी फळीवर ठेवला. माईकपासून तीन-चार मीटर अंतर राखून. तिथून मिक्सरपर्यंत आवाजाची तार ओढली. बरेच जण नेमकं उलटं करतात: रिसीव्हर मागेच ठेवून अँटेनाची तार लांबवतात. आरजी-५८ जातीच्या पातळ केबलमध्ये १० मीटरला निम्म्याहून जास्त सिग्नल वाटेतच विरतो. आवाजाची बॅलन्स्ड तार ३० मीटर नेली तरी कानाला फरक कळत नाही. रिसीव्हरला बॅलन्स्ड जोडणी नसेल तर मध्ये डीआय बॉक्स लावावा.

रिसीव्हरच्या दोन्ही अँटेना इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उघडल्या. एकीची तार तुटलेली होती, ती बदलली. ६०० मेगाहर्ट्झला पाव लहर १२.५ सेंटिमीटरची असते, त्यामुळे इथे हाताला लागेल तो तुकडा जोडून भागत नाही.

या सीमाभागात कानडी उपदेशाचा मराठी अनुवाद तिथल्या तिथे करावा लागतो, म्हणजे दोन माईक आले. अनुवाद करणारे ब्रदर माईक अगदी बुडाशी मुठीत धरायचे. त्या माईकची अँटेना बुडातच होती. हात वर सरकवायला सांगितलं, एवढंच. गायनमंडळाचा तिसरा माईक जोडताना मात्र हिशेब लागतो. पहिले दोन ६०० आणि ६०१ वर असतील तर त्यांच्या मिश्रणातून ५९९ आणि ६०२ वरही लहर उमटते, म्हणून तिसरा त्या दोन जागी नको. बऱ्याच स्वस्त सेटची फ्रीक्वेन्सी बदलता येत नाही. तसे दोन घ्यायचे तर दोन्हींवरचे आकडे वेगळे आहेत ना, हे दुकानातच वाचून घ्यावं.

पुढच्या रविवारी मंडळी उभी राहिली, तरी आवाज तुटला नाही. खर्च तारेचा, एका अँटेनाचा आणि माईकमध्ये घातलेल्या नव्या अल्कलाइन सेलांचा.

तुमच्या चर्चमध्ये आवाज तुटत असेल तर नवा माईक घेण्याआधी रिसीव्हर पुढे आणून पाहा. आणि तपासणी रिकाम्या चर्चमध्ये करू नका. मंडळी उभी असताना, मागच्या बाकावर बसून करा.