साठ लाख बुडबुड्यांचा हिशेब

रासायनिक अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत एक उभा पारदर्शक नळा हमखास असतो. पुरुषभर उंच, आत कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण, तळाशी बारीक भोकांची चकती. काँप्रेसरचा कॉक उघडला की चकतीतून हवा उसळते, बघता बघता सगळा नळा दुधट होतो आणि द्रावणाची पातळी वर चढते. विद्यार्थी फूटपट्टी लावून ती वाढ वहीत टिपतो. एक मीटरवरची पातळी सव्वा मीटरवर गेली, तर नळ्यातल्या मिश्रणाचा पाचवा हिस्सा हवेनं व्यापला असा अर्थ होतो. या नळ्याला बबल कॉलम म्हणतात. अंबरनाथच्या मोरिवली, आनंदनगर भागात किंवा बदलापूरच्या एमआयडीसीत, जिथं जिथं द्रवातून वायू सोडून रसायन बनवलं जातं, तिथं हेच तत्त्व स्टीलच्या जाड भिंतीआड काम करत असतं. कारखान्यात ते दिसत नाही, म्हणून ते आधी इथं समजून घ्यायचं.

मिश्रणाचा पाचवा हिस्सा हवा आणि बुडबुडे चार मिलिमीटरचे धरले, तर एक घनमीटर मिश्रणात सुमारे साठ लाख बुडबुडे असतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग ३०० चौरस मीटर भरतो. तेवढीच हवा दोन मिलिमीटरच्या बुडबुड्यांत वाटली, तर पृष्ठभाग दुप्पट होतो. वायू द्रवात शिरतो तो या पृष्ठभागातूनच. त्यामुळे अभिक्रिया तासाभरात उरकेल की शिफ्ट संपली तरी रेंगाळेल, हे बऱ्याचदा त्याच्यावर ठरतं. पण गोल, चपटे, एकमेकांत मिसळणारे, फुटणारे असे लाखो बुडबुडे मोजायचे कसे?

या प्रश्नाचं एक उत्तर घडवण्यात माटुंग्याचा मोठा वाटा आहे. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी असलेलं यूडीसीटी, १९३३ साली सुरू झाला. २००८ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि आज तो इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी म्हणून ओळखला जातो. मनमोहन शर्मा इथलेच विद्यार्थी. केंब्रिजला पीटर डँकवर्ट्स यांच्याकडे पीएच.डी. करून १९६४ साली ते प्राध्यापक म्हणून इथं परतले, तेव्हा वय होतं सत्तावीस. डँकवर्ट्स आणि शर्मा यांनी पुढे नेलेली रीत अशी, की बुडबुडे मोजायचेच नाहीत. ज्या अभिक्रियेचा वेग आधीपासून नेमका ठाऊक आहे, ती नळ्यात घडवून आणायची आणि पृष्ठभागाचा हिशेब तिच्याकडून मागायचा.

त्यासाठी हवेत थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळून तो कॉस्टिकमधून सोडतात. अभिक्रिया इतकी जलद, की वायू द्रवाच्या पोटात पोचण्याआधी, पृष्ठभागालगतच्या पातळ थरातच संपतो. मग द्रव किती घुसळला याला फारसं महत्त्व उरत नाही. किती वायू शोषला गेला, हे जवळजवळ पृष्ठभागावरच ठरतं. विद्यार्थी ठरलेल्या वेळानं नमुना काढतो, त्यात बेरियम क्लोराइड घालतो. कार्बोनेटचा पांढरा साका खाली बसतो. उरलेल्या कॉस्टिकमध्ये फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकले की गडद गुलाबी रंग येतो. ब्युरेटमधून आम्ल थेंब थेंब सोडत तो रंग जेमतेम मावळेपर्यंत थांबायचं, आकडा वाचायचा आणि तेच पुन्हा करायचं. हात स्थिर लागतो, डोळा सरावाचा लागतो. एका ब्युरेटच्या वाचनातून साठ लाख बुडबुड्यांचा पृष्ठभाग हाती येतो, हे पाहताना मन भरून येतं. महागडी यंत्रं मिळणं दुरापास्त होतं त्या काळात जगाच्या तोडीचं काम उभं राहिलं, त्यामागे अशी काटेकोर विचाराची साधी साधनं होती.

पुढची वाटचाल गुरुशिष्यांच्या एका साखळीतून दिसते. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर यांनी इथंच पदवी घेतली आणि १९६९ साली शर्मांकडे पीएच.डी. केली. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक आणि सीएसआयआरचे महासंचालक झाले. कराड तालुक्यातल्या मसूरचे ज्येष्ठराज जोशी हेही शर्मांचेच विद्यार्थी. बबल कॉलममधले द्रवाचे प्रवाह त्यांनी आयुष्यभर अभ्यासले. जोशींचे विद्यार्थी अनिरुद्ध पंडित पुढे संस्थेचे कुलगुरू झाले. शर्मा १९९० साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले. माशेलकरांना तो मान १९९८ साली मिळाला. हे सन्मान मोठेच आहेत. तरी मला याहून मोलाचं वाटतं ते हे, की एकाच प्रश्नाला तीन पिढ्यांनी हात घातला आणि प्रत्येकीनं तो आणखी अवघड करून पुढच्या पिढीच्या हाती दिला.

या प्रश्नाचा आमच्या भागाशी संबंध जुना आहे. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीनं अंबरनाथला गंधकाम्लाचा कारखाना उभारला. गंधकाम्ल बनवताना शेवटचा टप्पा वायू शोषून घेण्याचाच असतो. सल्फर ट्रायऑक्साइड थेट पाण्यात सोडला तर आम्लाचं धुकं उठतं आणि ते आवरत नाही. म्हणून तो ९८ टक्के आम्लात शोषतात आणि मग पाणी घालून तीव्रता जुळवतात. आज एमआयडीसीतल्या छोट्या युनिटमध्ये नायट्रेशनची बॅच चालू असताना ऑपरेटरचं एक लक्ष रिअॅक्टरच्या तापमानावर असतं आणि दुसरं निघणारे वायू धुऊन घेणाऱ्या स्क्रबरच्या चिमणीवर. क्लोरिनेशनमधून निघणारा हायड्रोजन क्लोराइड पाण्यात सहज विरघळतो. नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र हट्टी, ते सहजासहजी विरघळत नाहीत आणि चिमणीतून तपकिरी धूर निघू लागतो. जोशी आणि सहकाऱ्यांनी या वायूंच्या शोषणावर १९८५ साली लिहिलेला विस्तृत शोधनिबंध नेमका याच अडचणीचा ऊहापोह करतो. स्क्रबरचं कॉस्टिक कधी बदलायचं, हे पीएच पेपर बुडवून ठरवणारा ऑपरेटर आणि माटुंग्यातला तो संशोधक एकाच कामावर आहेत.

कारखान्यातलं पाणी शेवटी सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात येतं आणि तिथंही बुडबुडेच राबतात. टाकीच्या तळातून ब्लोअरची हवा येते, कारण घाण खाणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू हवा असतो आणि आपल्याकडच्या उकाड्यात एक लिटर पाण्यात तो विरघळून विरघळून सात-आठ मिलिग्रॅम विरघळतो. बुडबुडे मोठे झाले, डिफ्यूझर तुंबले, की विजेचं बिल तेवढंच राहतं आणि जिवाणू मात्र उपाशी राहतात. काही रंगद्रव्यं आणि औषधांचे अंश तर जिवाणूंना पचतच नाहीत. पंडित आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचं काम इथं उपयोगी पडतं. पाणी पंपानं अरुंद छिद्रातून दामटलं की दाब एकदम घसरतो, वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि पुढे दाब परतताच ते कोसळतात. त्या कोसळण्यात क्षणभर, सुईच्या टोकाएवढ्या जागी, हजारो अंश तापमान निर्माण होतं आणि चिवट रेणू तुटतात. तुटलेले तुकडे मग जिवाणूंना खाता येतात.

एवढी विद्या पन्नास किलोमीटरवर आणि लोकलच्या एका प्रवासाच्या अंतरावर असताना वालधुनीची अवस्था पाहवत नाही. शिलाहारांनी ११व्या शतकात ज्या नदीकाठी अंबरनाथचं शिवमंदिर बांधलं, तीच ही नदी. २०१४च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरात वालधुनीच्या पाण्यातून विषारी वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालय गाठावं लागलं. टँकरनं आणलेलं रासायनिक सांडपाणी पात्रात ओतल्याचा तो प्रकार होता. आम्ल सल्फाइडच्या पाण्यात पडलं तर कोणता वायू सुटेल, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सांगू शकतो. ज्ञान होतं, पण ते रिअॅक्टरपाशी थांबलं, नाल्यापर्यंत आलं नाही.

याचं एक कारण मला स्पष्ट दिसतं. मोठा कारखाना प्राध्यापकांना सल्लागार म्हणून बोलावू शकतो. यूडीसीटीनं ही प्रथा आवर्जून जोपासली आणि तिचा उद्योगाला फार फायदा झाला. दोन रिअॅक्टर आणि मूठभर माणसांच्या युनिटला ते परवडत नाही. मग विद्यार्थ्यांनी तिथं जावं. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प एखाद्या छोट्या युनिटच्या स्क्रबरवर किंवा प्रक्रिया केंद्रातल्या तुंबलेल्या डिफ्यूझरवर व्हावा. मोजमाप तेच, ब्युरेट तीच, फक्त नमुना प्रयोगशाळेतल्या नळ्याऐवजी आमच्या टाकीतला. विभागाच्या वार्षिक अहवालात सुवर्णपदकं, पेटंट आणि शोधनिबंधांच्या यादीशेजारी आणखी एक रकाना असावा: यंदा कोणत्या नाल्याचा सीओडी, म्हणजे पाण्यातल्या प्रदूषणाचं माप, किती उतरला. तो आकडा भरणाऱ्या विद्यार्थ्याचा सत्कार करायला अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर अशी तिन्ही गावं आनंदानं पुढे येतील.