नोटिशीनंतरचे ४५ दिवस

अत्यवस्थ रुग्ण समोर असताना न डगमगणारे आपले अनेक सहव्यावसायिक ग्राहक आयोगाचा लखोटा हाती पडताच हवालदिल होतात. असे काही जण सल्ल्यासाठी माझ्याकडे आले आहेत. "उपचारांत काही चुकलेच नाही, मग उत्तर कशाला द्यायचे?" हा त्यांचा प्रश्न मनुष्यस्वभावाला धरून आहे, परंतु या उद्वेगात जे दिवस निघून जातात, ते पुन्हा मिळत नाहीत.

एकाच घटनेसाठी रुग्णाला तीन ठिकाणी दाद मागता येते, हे प्रथम ध्यानी घ्यावे. ग्राहक आयोग भरपाई देववितो. नोंदणीला हात लावू शकत नाही. राज्याची मेडिकल कौन्सिल नोंदणीवर कारवाई करते. भरपाई देत नाही. तिसरे फौजदारी न्यायालय. तेथे साधी चूक पुरेशी नसून हलगर्जीपणा गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली स्पष्ट केले. बहुतेकांना धास्ती या तिसऱ्याची वाटते. प्रत्यक्षात गाठ पडते ती बहुधा पहिल्याशी.

वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हा वाद १९९५ च्या शांता खटल्यात मिटला. सर्वच रुग्णांवर विनामूल्य उपचार करणारी संस्था त्यातून वगळली गेली. मात्र काही रुग्णांकडून शुल्क घ्यायचे आणि काहींना फुकट तपासायचे, अशी जेथे पद्धत आहे, तेथील फुकट उपचार घेणाराही ग्राहकच ठरतो. धर्मादाय पाटी लावलेल्या दवाखान्यांनी हे विसरू नये.

२०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातील एक तरतूद आपल्या बेळगावला विशेष लागू पडते. तक्रारदार आता स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करू शकतो. चंदगडचा रुग्ण येथे शस्त्रक्रिया करून गेला, तर नोटीस कोल्हापूरहून येऊ शकते. शिवाय कोणत्या स्तरावरील आयोगाकडे जायचे, हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर मोजलेल्या शुल्कावर ठरते. त्यामुळे कोटीची मागणी असली, तरी प्रकरण सहसा जिल्हा आयोगापुढेच चालते.

आता मुदतीविषयी. तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी जबाब द्यावा लागतो. आयोग फार तर आणखी १५ दिवस देऊ शकतो. त्यापुढे एक दिवसही वाढवता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये दिला. वकील गावी गेले होते, कागद सापडत नव्हते, या सबबी मग चालत नाहीत. उत्तम उपचार केलेल्या डॉक्टरची बाजूच कागदावर येत नाही, हे मला सर्वांत दुर्दैवी वाटते. विमा कंपनीलाही नोटीस मिळताच कळवावे.

जबाबाचा आधार म्हणजे केसपेपर. २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांचे अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायचे असतात आणि मागणी झाल्यास ७२ तासांत द्यायचे असतात. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असली, तरी सबळ कारण असल्यास आयोग विलंब माफ करतो. म्हणून कागद तीन वर्षांनंतरही ठेवावेत, असे माझे मत आहे. नोटीस आल्यावर मात्र त्यांत एक अक्षरही घालू नये. निराळ्या शाईतली ओळ निर्दोष डॉक्टरलाही संशयित बनवते.

सर्वांत दुबळा कागद संमतिपत्राचा. समीरा कोहली खटल्यात (२००८) केवळ तपासणीसाठी दुर्बीण घालण्यास संमती दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय, ती भुलीखाली असताना, आईच्या संमतीने काढले गेले. न्यायालयाने ती संमती ग्राह्य मानली नाही; रुग्ण सज्ञान होती आणि शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होते. आपल्याकडे रुग्ण मराठी, परिचारिका कन्नड आणि छापील फॉर्म इंग्रजी, असा त्रिवेणी संगम असतो. रुग्णाला काय समजले, हे त्या सहीवरून कसे कळावे? फॉर्म मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत छापून घ्यावेत आणि कोणी, कोणत्या भाषेत व किती वाजता समजावून सांगितले, यासाठी सहीच्या वर दोन ओळी मोकळ्या सोडाव्यात.