लिनक्सची तोंडओळख : वाय-फाय ‘सापडत नाही’ तेव्हा

लॅपटॉपवर उबुंटू किंवा डेबियन बसवल्यानंतरची पहिली तक्रार बहुधा वाय-फायची असते. नेटवर्कची यादीच उघडत नाही आणि ‘लिनक्सला कार्ड सापडत नाही’ असा निष्कर्ष लगेच निघतो. तो बऱ्याचदा चुकीचा असतो. कार्ड दिसणे, त्याला ड्रायव्हर मिळणे, ड्रायव्हरला फर्मवेअर मिळणे आणि रेडिओ चालू असणे या चार निराळ्या पायऱ्या आहेत. यांतली कुठलीही अडली तरी पडद्यावरचे लक्षण एकच. म्हणून आधी अडलेली पायरी शोधायची. तोवर सगळी प्रणाली पुन्हा बसवण्याला काही अर्थ नसतो.

पहिल्या दोन पायऱ्या एकाच आदेशात तपासता येतात. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ हा आदेश ‘एनएनके’ पर्यायासह दिला की प्रत्येक उपकरणाची ओळ येते. यूएसबी उपकरणांसाठी ‘एलएसयूएसबी’ वापरतात. ‘एलएसपीसीआय’च्या ओळीतल्या चौकोनी कंसात चार-चार चिन्हांची जोडी असते. पहिला भाग उत्पादकाचा, दुसरा उपकरणाचा. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, म्हणजे कंपनीच्या १९७८ सालच्या गाजलेल्या प्रोसेसरचेच नाव. ब्रॉडकॉमचा १४ई४, रिअलटेकचा १०ईसी. खोक्यावरच्या नावापेक्षा ही जोडी जास्त भरवशाची, कारण त्याच नावाखाली उत्पादक आतली चिप बदलतात.

ओळच आली नाही तर कार्ड बायोसमध्ये बंद आहे, सैल बसले आहे किंवा बिघडले आहे. ओळ आली, पण तिच्याखाली वापरातल्या ड्रायव्हरचे नाव नाही, तर अडचण दुसऱ्या पायरीवर आहे. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात. निर्मात्याची सीडी शोधायची विंडोजची सवय इथे उपयोगी पडत नाही. लॅपटॉप नवाकोरा आणि कर्नल जुने असेल, तर नवे कर्नल हाच सरळ उपाय.

फर्मवेअरचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ड्रायव्हर संगणकाच्या प्रोसेसरवर चालतो, तर फर्मवेअर खुद्द कार्डाच्या चिपमध्ये भरावे लागते आणि त्याचा स्रोत बहुधा खुला नसतो. मुक्त सॉफ्टवेअरचे तत्त्व कडकपणे पाळणाऱ्या डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये म्हणूनच अशा फाइली नसत. २०२२ मध्ये प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदान करून हा नियम बदलला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून त्या इन्स्टॉलरमध्येच मिळू लागल्या. तत्त्वाला थोडी मुरड पडली खरी, पण नवख्यांची मोठी सोय झाली. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिपांसाठी मात्र आजही फर्मवेअर किंवा ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो. उबुंटूत ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ ही खिडकी त्यासाठीच आहे. फर्मवेअरची फाइल सापडली नाही, तर कर्नल तशी नोंद करते आणि ‘डीमेसेज’ या आदेशाने ती वाचता येते. हवी असलेली फाइल तिथे नावानिशी दिलेली असते.

इंटरनेट नाही म्हणून फाइल नाही आणि फाइल नाही म्हणून इंटरनेट नाही, हा पेच फोन सोडवतो. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केले की ते लिनक्सला तारेचे नेटवर्क म्हणून दिसते. सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

शेवटची पायरी रेडिओची. ‘आरएफकिल लिस्ट’ या आदेशाच्या उत्तरात ‘सॉफ्ट’ अडथळा दिसला तर तो आदेशानेच निघतो. ‘हार्ड’ असेल तर लॅपटॉपच्या कडेचे बटण किंवा फंक्शन की दाबावी लागते. तासभर डोकेफोड करून कारण एवढेच निघणे दुर्मीळ नाही. आणि वेगळा बसवलेला ड्रायव्हर चालूच होत नसेल, तर सिक्युअर बूट तपासावे: मान्य स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल ते कर्नलमध्ये शिरू देत नाही.

एवढे करूनही मदत मागावी लागली, तर चिन्हांची ती जोडी, कर्नलची आवृत्ती आणि डीमेसेजच्या संबंधित ओळी प्रश्नासोबत द्याव्यात.